‘हॅलोविन हॉरर नाइट्स’ची गुपिते उकलताना : खुणा कुठे शोधाव्यात आणि कशा तोलाव्यात

ऑर्लँडो येथील युनिव्हर्सल स्टुडिओज फ्लोरिडा या उद्यानात ऑगस्टच्या अखेरीस किंवा सप्टेंबरच्या आरंभी ‘हॅलोविन हॉरर नाइट्स’ सुरू होतो आणि नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत निवडक रात्री चालतो. १९९१ साली ‘फ्राइट नाइट्स’ या नावाने आणि अवघ्या एका भुताच्या घरानिशी सुरू झालेल्या या उत्सवात आता दरवर्षी दहा घरे उभी राहतात. आपल्या जत्रेतल्या भूतबंगल्याची ही फार मोठी, फार खर्चिक आणि सिनेमाच्या सेटइतकी बारकाईने बांधलेली भावंडे असतात. चाहते त्यांना नुसते ‘हाउस’ म्हणतात आणि पुढे मीही तोच शब्द वापरणार आहे. ही दहा हाउसेस कोणती, हे उद्यान उन्हाळाभर तुकड्यातुकड्याने जाहीर करते; परंतु त्याआधीचे अनेक महिने चाहत्यांचा एक मोठा वर्ग ती यादी स्वतःच ओळखण्याच्या खटपटीत असतो. तो उद्योग शिस्तीने कसा करावा, याविषयी हा लेख आहे.

माझ्या मते या उद्योगात खुणांची टंचाई कधीच नसते. बहुतेकांची फसगत होते ती सगळ्या खुणा एकाच मापाने मोजल्यामुळे. चित्रपटावर आधारलेले हाउस, उद्यानाने स्वतः रचलेले हाउस आणि हाउसची जागा ही तीन वेगवेगळ्या जातींची गुपिते आहेत. प्रत्येक जातीचे गुपित वेगळ्या वाटेने फुटते आणि ज्या वाटेने ते फुटूच शकत नाही, त्या वाटेवर पहारा देण्यात अर्थ नसतो.

पायरी पहिली : कोरा तक्ता तयार करा

शोधाला लागण्यापूर्वी दहा ओळींचा एक तक्ता आखावा. त्यात हाउसचे संभाव्य नाव, त्याचा प्रकार, जागा, खूण, खूण प्रथम दिसल्याची तारीख आणि आपला विश्वास टक्क्यांत, असे सहा रकाने असावेत. त्याच्या खाली स्केअर झोनसाठी, म्हणजे रस्त्यावर मोकळ्यावर उभारल्या जाणाऱ्या भयप्रदेशांसाठी, पाच ओळी सोडाव्यात.

मग मागच्या वर्षांचे प्रमाण समोर ठेवावे. प्रसिद्ध कलाकृतींवर किंवा स्टुडिओच्या जुन्या राक्षसपटांवर आधारलेली हाउसेस एका बाजूला आणि उद्यानाची स्वतंत्र हाउसेस दुसऱ्या बाजूला मांडली, तर २०२२ आणि २०२४ साली हे प्रमाण चारास सहा होते, तर २०२३ आणि २०२५ साली पाचास पाच. त्यामुळे एखाद्याने आठ चित्रपटांची नावे असलेली ‘फुटलेली यादी’ पुढे केली, तर तिच्यातील एकेका नावाची चर्चा करण्याआधीच ती यादी संशयास्पद ठरते.

ठोकताळ्यांनाही मर्यादा असतात, हे मात्र लगेच नोंदवून ठेवावे. स्टुडिओच्या अभिजात राक्षसांचे हाउस ऑर्लँडोत २०२१ पासून २०२४ पर्यंत सलग चार वर्षे होते. साहजिकच २०२५ च्या तक्त्यात अनेकांनी ते डोळे मिटून लिहिले, आणि त्या वर्षी ते आलेच नाही. सलग चार वर्षे आलेली गोष्ट पाचव्या वर्षी येण्याची शक्यता मोठी असते. तिची खात्री कधीच नसते. माझ्या स्वतःच्या तक्त्यात त्या ओळीपुढे नव्वद टक्के लिहिलेले होते आणि ते मी अजून खोडलेले नाही.

पायरी दुसरी : चित्रपटांची हाउसेस प्रदर्शनाच्या वेळापत्रकातून शोधा

परवान्यावर चालणाऱ्या हाउसमध्ये मूळ कलाकृतीचा मालक आणि उद्यान या दोघांचे व्यापारी हित जुळावे लागते. मालकाला आपल्या आगामी प्रदर्शनाची जाहिरात हवी असते आणि उद्यानाला ओळखीचे नाव हवे असते. म्हणून पुढच्या वर्षभरात कोणते भयपट आणि कोणत्या मालिका येणार आहेत, त्यांची यादी हाच इथला पहिला दस्तऐवज होय. ‘द एक्झॉर्सिस्ट : बिलीव्हर’ ऑक्टोबर २०२३ मध्ये प्रदर्शित झाला आणि त्याचे हाउस त्याच वर्षी उभे राहिले. २०२५ साली ‘फाइव्ह नाइट्स ॲट फ्रेडीज’ आणि ‘फॉलआउट’ ही दोन हाउसेस आली, आणि पहिल्याचा दुसरा चित्रपट व दुसऱ्याचा दुसरा सीझन हे दोन्ही त्याच डिसेंबरात येऊ घातले होते. उद्यान कॉमकास्टच्या एनबीसीयुनिव्हर्सलचे असल्यामुळे त्याच घराण्यातील चित्रपटांना आणि मालिकांना किंचित अधिक वजन द्यावे. मात्र सोनी, पॅरामाउंट यांच्या चित्रपटांवरील हाउसेसही येतात, तेव्हा परकी मालकी हे नाव खोडण्याचे कारण होऊ शकत नाही.

या पद्धतीतून दोन चुका हटकून होतात. पहिली चूक वेळेची. ‘स्ट्रेंजर थिंग्ज’चा चौथा सीझन २०२२ च्या उन्हाळ्यात आला, पण त्यावरचे हाउस २०२३ साली आले. मोठ्या हाउसची आखणी आदल्या वर्षीचा उत्सव चालू असतानाच सुरू झालेली असते, त्यामुळे यंदा गाजलेल्या गोष्टीसाठी अनेकदा पुढच्या वर्षीचा रकाना पाहावा लागतो. दुसरी चूक उगमाची. ‘द लास्ट ऑफ अस’ ही मालिका जानेवारी २०२३ मध्ये सुरू होऊन गाजली आणि त्याच वर्षी त्या नावाचे हाउस जाहीर झाले. तथापि ते मालिकेवर नव्हते, मूळ व्हिडिओ गेमवर होते. ज्यांनी नाव बरोबर सांगितले होते, त्यांपैकी अनेकांनी दृश्यांचा अंदाज मात्र मालिकेतील चेहऱ्यांवरून बांधला होता. म्हणून तक्त्यात नाव आणि उगम हे वेगळे लिहावेत व त्यांचे टक्केही वेगळे द्यावेत.

पायरी तिसरी : स्वतंत्र हाउसेससाठी ट्रेडमार्क पाहा

उद्यानाच्या स्वतःच्या कल्पनेतील हाउसचे नाव कोणत्याही चित्रपटाच्या वेळापत्रकात सापडणार नाही. ते सापडले, तर ट्रेडमार्कच्या नोंदीत सापडते. अमेरिकेच्या पेटंट आणि ट्रेडमार्क कार्यालयाची शोधसेवा सर्वांना विनामूल्य खुली आहे. ‘टेस’ ही जुनी शोधयंत्रणा नोव्हेंबर २०२३ च्या अखेरीस बंद झाली, त्यामुळे तिचा पत्ता देणारी जुनी मार्गदर्शने आता बाजूला ठेवावीत. नव्या यंत्रणेत मालकाच्या रकान्यात ‘युनिव्हर्सल सिटी स्टुडिओज’ हे नाव इंग्रजीत टाकावे, निकाल दाखल तारखेनुसार लावावेत आणि त्यांतून ४१ व्या वर्गातील अर्ज वेगळे काढावेत, कारण मनोरंजनाच्या सेवा त्या वर्गात येतात. दाखल झालेला अर्ज शोधात दिसायला काही दिवस लागतात, तेव्हा आठवड्यातून एकदा पाहिले तरी पुरते.

इथे दोन गोष्टी नीट समजून घ्याव्यात. बरेच अर्ज ‘पुढे वापरण्याचा इरादा’ या आधारावर केलेले असतात. अर्ज मान्य झाल्याची सूचना निघाल्यानंतर प्रत्यक्ष वापर दाखवायला सहा महिने मिळतात आणि मुदतवाढी घेत ही सवलत एकूण ३६ महिन्यांपर्यंत नेता येते. म्हणजे आज दिसलेले नाव याच वर्षीचे असेल असे अजिबात नाही, आणि ते हाउसचेच असेल असेही नाही. एखाद्या दुकानाचे, खाद्यपदार्थाच्या टपरीचे किंवा दुसऱ्याच उद्यानातील झुल्याचे ते असू शकते. अर्जातील सेवांचे वर्णन पूर्ण वाचल्याशिवाय नाव तक्त्यात चढवू नये. दुसरी गोष्ट याच्या उलट आहे : चित्रपटांच्या नावांचे हक्क उद्यानाकडे नसून मूळ मालकाकडे असतात, म्हणून एखाद्या चित्रपटाचे नाव उद्यानाच्या अर्जांत दिसत नाही यावरून ते हाउस येणार नाही असा निष्कर्ष काढणे ही शुद्ध गफलत आहे. ती मी दरवर्षी पाहतो.

पायरी चौथी : जागेसाठी सरकारी दप्तर आणि डोळे

फ्लोरिडाच्या कायद्यानुसार ठरावीक रकमेवरील बांधकाम सुरू करण्यापूर्वी मालकाला ‘काम सुरू होत असल्याची सूचना’ परगण्याच्या दप्तरात नोंदवावी लागते. ऑर्लँडोसाठी हे दप्तर ऑरेंज काउंटीच्या कंट्रोलर कार्यालयाचे आहे आणि ते घरबसल्या चाळता येते. मालक म्हणून ‘युनिव्हर्सल सिटी डेव्हलपमेंट पार्टनर्स’ या नावाने शोध घ्यावा. सूचनेत जागेचा पत्ता, कामाचे ढोबळ वर्णन आणि कंत्राटदाराचे नाव असते. अन्य मुदत लिहिलेली नसेल तर ती नोंदणीपासून एक वर्ष वैध राहते.

या कागदावर हाउसचे नाव शोधू नका, ते तिथे नसतेच. कागदातून कळते ते इतकेच की अमुक इमारतीत अमुक प्रकारचे काम होणार आहे. याच मालकाच्या नावावर उपाहारगृहाच्या स्वयंपाकघराची दुरुस्ती आणि छपराची गळतीही नोंदवलेली असते, हे विसरून एका वातानुकूलन यंत्राच्या बदलावर चाहत्यांनी पानेच्या पाने लिहिल्याची उदाहरणे आहेत. म्हणून आधी पत्ता ताडून पाहावा. हाउसेस उभारण्याच्या जागा मोजक्याच आहेत : चित्रीकरणाचे साउंडस्टेज, ‘मेन इन ब्लॅक’ या झुल्यामागचे मोठे तंबू, मिरवणुकीचे चित्ररथ ठेवण्याचे गोदाम आणि वापरात नसलेल्या काही जागा, जिथे एरवी प्रेक्षकांच्या रांगा लागत. साउंडस्टेजचे छत उंच असते, त्यामुळे दोनमजली दर्शनी भाग लागणारे किंवा उद्यानाला मिरवायचे असलेले हाउस तिथे जाण्याकडे कल असतो. तंबूची उंची आणि आकार वेगळे बंधन घालतात.

प्रत्यक्ष उद्यानात जाणाऱ्याने रस्त्यांकडे पाहावे. ऑगस्टमध्ये न्यूयॉर्क, हॉलीवूड, सॅन फ्रान्सिस्को या विभागांत स्केअर झोनचे सांगाडे, दिव्यांचे खांब आणि झाकलेले सेट दिसू लागतात. रोज एकाच कोनातून एक छायाचित्र घेऊन ते तारखेसह ठेवणे, हे दहा कोनांतून दहा छायाचित्रे एकदाच घेण्यापेक्षा कितीतरी उपयोगी पडते, कारण काय बदलले ते त्यातूनच कळते. कुंपण ओलांडणे, ताडपत्री उचलून पाहणे किंवा कामगारांना आणि कलाकारांना खोदून विचारणे पूर्णपणे वर्ज्य समजावे. त्या माणसाची नोकरी तुमच्या एका ओळीवर जाऊ शकते.

पायरी पाचवी : अधिकृत टीझर वाचताना

उद्यान स्वतःहून टाकलेल्या छोट्या चित्रफितींतून आणि चित्रांतून चाहत्यांशी खेळते, आणि खरी मौज इथेच आहे. टीझर हाती आल्यावर प्रथम तो मूळ स्वरूपात जपून ठेवावा, कारण पुढे पाठवलेल्या प्रतीत बारकावे पुसले जातात. त्यानंतर साध्याकडून अवघडाकडे जावे. काय दिसते आणि काय ऐकू येते, ते आधी सरळ वाक्यांत लिहून काढावे : ओला डांबरी रस्ता, पिवळा प्रकाश, दुरून येणारा भोंगा. चित्रातील वस्तू उलट-प्रतिमाशोधातून शोधावी. अक्षरांचे वळण नोंदवावे, कारण चित्रपटाची शीर्षके त्यांच्या ठरावीक अक्षरवळणावरून ओळखू येतात. चित्राचा उजेड वाढवून काळोखे कोपरे पाहावेत. आवाज संशयास्पद वाटला, तर ‘ऑडॅसिटी’ या विनामूल्य प्रणालीत त्याचा वर्णपट काढावा आणि तो उलटा वाजवून ऐकावा. सांकेतिक लिपीकडे याच्याही नंतर वळावे.

सांकेतिक मजकूर खरोखरच असेल, तर उकल बरोबर आली हे कसे ओळखावे? उकल करताना तुम्हाला किती मोकळीक होती, ते मोजावे. अक्षरे ठरावीक घरे सरकवण्याच्या पद्धतीत इंग्रजीसाठी फक्त २५ पर्याय असतात. बारा अक्षरी ओळीसाठी त्यांतल्या एकाच पर्यायातून पूर्ण अर्थ निघाला, तर ती उकल जवळजवळ पक्की. याउलट बारा अक्षरे हवी तशी उलटसुलट मांडण्याची मुभा घेतली, तर त्यातून शेकडो शब्द निघतात आणि तुमच्या मनातले नावही त्यांत सापडतेच. शिवाय किल्ली संपूर्ण मजकुराला लागू पडली पाहिजे. तीन शब्द सुटले आणि उरलेले दोन ‘दिशाभूल करण्यासाठी’ घातले आहेत असे म्हणावे लागत असेल, तर ती किल्ली त्या कुलपाची नव्हे.

पायरी सहावी : जुनी वंशावळ पाठ करा

स्वतंत्र हाउसेसचे लेखक आपल्याच जुन्या कथांकडे सतत परततात, आणि नवख्या शोधकाला इथेच सर्वांत जास्त मागे पडल्यासारखे होते. २००० साली जॅक हा विदूषक या उत्सवाचा चेहरा झाला. त्याच्या जन्मकथेत डॉ. ऑडफेलो नावाचा एका फिरत्या जत्रेचा मालक होता, ज्याने जॅकचा काटा काढला. हे पात्र पार्श्वभूमीत राहिले आणि २०२३ साली तेच उत्सवाचा मुख्य चेहरा म्हणून आले. त्याच वर्षीच्या ‘ड्युएलिंग ड्रॅगन्स’ या हाउसचे मूळ शेजारच्या आयलंड्स ऑफ ॲडव्हेंचर या उद्यानातील, १९९९ साली सुरू झालेल्या आणि २०१७ साली कायमच्या बंद झालेल्या रोलर कोस्टरमध्ये होते. ओहायोतील कॅरी या गावाचे नाव अनेक हाउसेसच्या कथांत येते; २०१८ चे ‘स्लॉटर सिनेमा’ तिथल्याच एका मोकळ्यावरच्या चित्रपटगृहात घडते आणि त्याचा दुसरा भाग २०२४ साली आला.

यासाठी वर्षवार एक वंशावळ लिहावी : पात्र, गाव, काल्पनिक कंपनी, प्रथम दर्शन, पुनरागमन. मग उद्यानात उघडणाऱ्या ट्रिब्यूट स्टोअरमध्ये जावे किंवा तिथली छायाचित्रे पाहावीत. हे दुकान जुन्या हाउसेसच्या आठवणींनी सजवलेले असते. मात्र तिथली प्रत्येक वस्तू भविष्य सांगत नाही. बहुतांश वस्तू निव्वळ आदरांजली असतात. जी आठवण वर्षानुवर्षे कोपऱ्यात होती आणि यंदा अचानक दर्शनी काचेत आली, तिच्याकडे लक्ष द्यावे.

पायरी सातवी : ऐकीव माहितीचा उगम गाठा

अनेक चाहते एकत्र येऊन दरवर्षी एक अंदाज-नकाशा तयार करतात, ज्याला ‘स्पेक मॅप’ म्हणतात. त्यात प्रत्येक जागेवर खऱ्या नावाऐवजी एखादे टोपणनाव लिहिलेले असते. आतल्या गोटातून माहिती मिळालेल्यांना ती उघड न करता सूचित करता यावी, अशी ही सोय आहे. हा नकाशा वाचताना टोपणनावाच्या अर्थात फार खोल शिरू नये. काही टोपणनावांचा मूळ विषयाशी संबंध मुद्दामच तोडलेला असतो. नकाशाची प्रत्येक आवृत्ती तारखेसह जपावी आणि काय बदलले ते पाहावे. एखादी ओळ तीन महिने जागची हलली नाही, तर तिचे वजन वाढते.

एखादी बातमी पाच ठिकाणी दिसली म्हणजे पाच साक्षीदार मिळाले असे नव्हे. प्रत्येक ठिकाणाहून मागे मागे जात पहिला उच्चार गाठावा, आणि पाचही धागे एकाच माणसापाशी पोहोचले तर साक्षीदार एकच धरावा. या वाटेत ‘ध’चा ‘मा’ होण्याचे प्रमाण मोठे आहे : मुळात ‘मला हे आवडेल’ असे असते, दुसऱ्या तोंडी ते ‘हे येऊ शकते’ होते आणि तिसऱ्या तोंडी ‘हे ठरले आहे’. कॅलिफोर्नियातील हॉलीवूडचे युनिव्हर्सल उद्यान आणि ऑर्लँडोचे उद्यान यांची सरमिसळ हाही याच वाटेवरचा नेहमीचा खड्डा आहे. दोन्हीकडे याच नावाचा उत्सव असला, तरी त्यांचे निर्मितीसंघ आणि याद्या वेगळ्या असतात. २०२३ साली ‘ईव्हिल डेड राइज’चे हाउस हॉलीवूडमध्ये होते, ऑर्लँडोत नव्हते. सिंगापूरमध्ये २०११ पासून चालणाऱ्या उत्सवाची यादी तर आणखी वेगळी असते. आपल्याकडून सहलीला जाणाऱ्यांना सिंगापूरच जवळ पडते, तेव्हा तिकीट काढण्यापूर्वी आपण कोणत्या शहराचा अंदाज वाचत आहोत, ते तपासावे.

पायरी आठवी : वजन लावा, आणि नंतर हिशेब तपासा

तक्त्यातील प्रत्येक नावापुढे टक्का लिहा. अधिकृत टीझरची निर्विवाद उकल, सेवांच्या स्पष्ट वर्णनासह नुकताच दाखल झालेला ट्रेडमार्क किंवा दोन खरोखर स्वतंत्र सूत्रांची एकवाक्यता असेल, तर ८० च्या पुढे जायला हरकत नाही. केवळ प्रदर्शनाचे वेळापत्रक जुळत असेल, तर ४० च्या वर जाऊ नये. केवळ ‘यावे असे वाटते’ असेल, तर ते तक्त्याबाहेर ठेवावे. माझ्या वहीचे शेवटचे पान अशा नावांसाठीच राखलेले आहे.

खुणा बरोबर वाचूनही अंदाज चुकू शकतो, कारण आराखडेच बदलतात. २००१ साली एडी नावाचे नवे पात्र उत्सवाचा चेहरा होणार होते. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यांनंतर ते मागे घेऊन जॅकला परत आणण्यात आले. २००२ साली सिंडी या लहान मुलीची योजना होती, परंतु त्या काळातील मुलांच्या अपहरणांच्या बातम्यांमुळे तिच्या जागी ‘केअरटेकर’ हा शवविच्छेदक आला. २०२० साली तर करोनामुळे जुलैत संपूर्ण उत्सवच रद्द झाला. त्या वर्षीच्या खुणा वाया गेल्या नाहीत : ‘बीटलज्यूस’सह त्यांतील बरीच हाउसेस २०२१ मध्ये उघडली. तेव्हा चुकलेली ओळ पुसू नये. तिच्यापुढे चुकीचे कारण लिहून ती पुढच्या वर्षीच्या तक्त्यात न्यावी.

यादी पूर्ण जाहीर झाली की हिशेब करावा. ज्या नावांना तुम्ही ७० टक्के दिले होते, त्यांतील दहापैकी सात आली का? दहाही आली असतील, तर तुम्ही अति सावध आहात. चारच आली असतील, तर कुठल्या जातीच्या खुणेने दगा दिला ते शोधावे. ऑर्लँडोची घोषणा तिथल्या सकाळी दहा वाजता आली, तर उन्हाळी वेळेनुसार आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात वाजलेले असतात. तक्ता त्याआधीच तारीख घालून बंद करावा आणि एखाद्या मित्राकडे पाठवून द्यावा, म्हणजे नंतर आकड्यांत फेरफार करण्याचा मोह उरत नाही. हाउसेस उघडल्यावर वंशावळीच्या वहीत नवी पात्रे आणि गावे चढवावीत, आणि पुढच्या वर्षाच्या कोऱ्या दहा ओळी त्याच आठवड्यात आखून ठेवाव्यात.